कडवे थोडे, कुंपणावरचे फार

मे १९२८ च्या जर्मन निवडणुकीत नाझी पक्षाला २.६ टक्के मतं पडली. सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ टक्के. जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के. चार वर्षांत चौदा पट. माणसांचा स्वभाव काही चार वर्षांत बदलत नाही. १९३२ मध्ये ज्यांनी नाझींच्या नावापुढे फुली मारली, त्यांतले बहुतेक जण १९२८ मध्येही मतदार होते. तेव्हा त्यांनी दुसऱ्या कुणाला मत दिलं होतं, किंवा ते घरी बसले होते.

हुकूमशाही वळणाच्या चळवळींना लोक डोक्यावर का घेतात, या प्रश्नाला दोन ठरावीक उत्तरं मिळतात. एक, काही लोक मुळातच तसे असतात. दोन, नेत्याने लोकांना भुरळ घातली. वरचे तीन आकडे पहिल्या उत्तराला आडवे येतात. दुसऱ्याला आडवा येणारा आकडा नोव्हेंबर १९३२ चा आहे. तोच नेता, तीच भाषणं, तेच झेंडे, आणि मतं घसरून ३३.१ टक्क्यांवर. माझं म्हणणं असं की 'पाठिंबा' हा एकच शब्द आपण चार-पाच वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. कडवे भक्त त्यात थोडेच असतात. बाकीचे हवा बघून येतात, आणि हवा कशी बनते याचं गणित वेगळं आहे.

आधी स्वभावाचं बघू, कारण त्यात तथ्य आहेच. १९५० मध्ये अडॉर्नो आणि बर्कलीतल्या त्याच्या सहकाऱ्यांनी 'एफ' (म्हणजे फॅसिझम) मोजपट्टी मांडली. विधानं द्यायची, माणूस किती सहमत आहे ते विचारायचं, गुणांची बेरीज करायची. खोट अशी की सगळी विधानं एकाच दिशेची होती. 'हो' म्हटलं की गुण वाढणार. आता कुठल्याही ठाम, सुविचारासारख्या वाक्याला मान डोलावण्याची सवय पुष्कळांना असते, आणि कमी शिकलेल्यांत ती जरा जास्त दिसते. मोजायला गेले हुकूमशाही वृत्ती, आणि मोजली गेली मान डोलावण्याची सवय. कमी शिकलेला म्हणजे हुकूमशाहीवादी, हा समज पसरण्यात या चुकीचा हात आहे.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाच्या बॉब आल्टमायरने १९८१ मध्ये ही मोजपट्टी दुरुस्त केली. निम्मी विधानं सरळ, निम्मी उलटी. त्यातून तीन गोष्टी एकत्र चिकटलेल्या दिसल्या: मान्य वरिष्ठांपुढे झुकणं, ते ज्याच्याविरुद्ध चिथावतील त्याच्यावर तुटून पडणं, आणि रूढ चाकोरीला घट्ट धरून राहणं. या तिन्ही एकत्र येणं महत्त्वाचं. नुसता आज्ञाधारक माणूस कुणाच्या वाटेला जात नाही, नुसता आक्रमक माणूस कुणाचं ऐकत नाही. पण इथेही एक अडचण राहिली. विधानं इतकी राजकीय होती की राजकीय मत वापरूनच राजकीय मताचं कारण शोधल्यासारखं झालं.

त्यावर निघालेला तोडगा मला फार आवडतो. राजकारणाचं नावच काढायचं नाही, मुलांबद्दल विचारायचं. मुलाच्या अंगी काय जास्त असावं: स्वतंत्र बाणा की थोरांचा मान? स्वावलंबन की आज्ञाधारकपणा? कुतूहल की चांगल्या रीतीभाती? दुसऱ्याची जाणीव की शहाण्यासारखं वागणं? असे चारच प्रश्न. अमेरिकेतल्या राष्ट्रीय निवडणूक पाहणीत ते १९९२ पासून विचारले जातात. 'मान', 'आज्ञा', 'रीतीभाती', 'शहाण्यासारखं' असं चारही वेळा म्हणणारा माणूस पट्टीच्या एका टोकाला. प्रश्न साधे आहेत म्हणून कुठेही लावावेत असं मात्र नाही. २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं की अमेरिकेतल्याच काळ्या आणि गोऱ्या मतदारांची तुलनासुद्धा या प्रश्नांनी धड होत नाही, कारण 'आज्ञाधारक मूल' म्हणताना दोघांच्या मनात वेगवेगळी गोष्ट असते. दोन देशांची तुलना करताना तर हजार वेळा विचार करावा.

आता गंमत अशी की या चार प्रश्नांत एकदम टोकाला असलेला माणूस शांत काळात शेजाऱ्यापासून वेगळा ओळखूही येत नाही. स्टॅन्ली फेल्डमन आणि कॅरन स्टेनर यांनी १९९७ मध्ये हे दाखवलं. वृत्ती असते, पण निजलेली असते. तिला जाग येते ती धोक्याने, आणि तोही कुठल्याही धोक्याने नाही. स्वतःची नोकरी गेली, स्वतःवर संकट आलं, तर माणूस बहुतेक वेळा आपल्याच विवंचनेत बुडतो. जाग आणणारा धोका असतो 'आपण'ला: पुढारी नालायक निघाले, कुणाचं कुणाशी पटेना, आपल्यात काही समानच उरलं नाही, ही भावना. स्टेनरच्या मांडणीत या लोकांना हवं असतं ते एकसारखेपण आणि एकमत. नेता हा ते टिकवण्याचा उपाय.

यातून विरोधकांची एक नेहमीची चूक समजते. अशा माणसाला पटवायला ते विविधतेचे गोडवे गातात. आपण किती वेगवेगळे आहोत बघा, किती मतं, किती रंग! ज्याला नेमकी त्याचीच धास्ती आहे त्याला हे औषध दिलं की दुखणं वाढतं. त्याच्याशी बोलताना काय वेगळं आहे यापेक्षा काय सारखं आहे तिथून सुरुवात केलेली बरी. यात कुणी तत्त्व सोडतंय असं नाही, क्रम बदलतोय एवढंच.

बाकी, धोका आणि राजकारण या विषयावरचे सगळेच प्रयोग डोळे झाकून घेऊ नयेत. मृत्यूची आठवण करून दिली की माणूस आपल्या गटाला घट्ट चिकटतो, हा निष्कर्ष कित्येक वर्षं गाजला. अनेक प्रयोगशाळांनी मिळून तो पुन्हा करून पाहिला तेव्हा परिणाम सापडला नाही. भीतीदायक चित्रं पाहून कुणाला किती घाम येतो यावरून त्याचं राजकीय मत सांगता येतं, असा २००८ चा एक गाजलेला शोधनिबंध होता. तोही मोठ्या नमुन्यात टिकला नाही. अजूनही समाजमाध्यमांवर हे दावे फिरताना दिसतात.

परत जर्मनीकडे. मतं कुणाची गेली? बेकारीमुळे नाझी आले असं सरसकट सांगितलं जातं, आणि १९३२ च्या सुरुवातीला बेकारांची नोंद साठ लाखांच्या घरात होती हे खरंच आहे. पण मतदारसंघांच्या आकड्यांवर काम करणाऱ्यांना दिसतं ते असं की बेकार कामगार मोठ्या प्रमाणात कम्युनिस्टांकडे वळले. नाझींकडे जास्त ओढले गेले ते छोटे दुकानदार, स्वतःचा धंदा करणारे कारागीर, प्रोटेस्टंट भागातले शेतकरी. ज्यांचं सगळं गेलं होतं ते नव्हेत, ज्यांना अजून घालवण्यासारखं काही उरलं होतं ते. कॅथलिक भागातला शेतकरीही तितकाच अडचणीत होता, तरी तो तितक्या प्रमाणात गेला नाही. त्याच्यामागे त्याचं चर्च आणि त्याचा सेंटर पक्ष उभा होता. भीती सारखीच असली तरी माणूस कुठल्या दारात जातो हे कुठलं दार उघडं आहे यावरही ठरतं.

संघटना म्हणजे लोकशाहीची तटबंदी, असंही समजू नका. शंभराहून अधिक जर्मन शहरांच्या अभ्यासात, जिथे गायन मंडळं, नेमबाजीचे क्लब, व्यायाममंडळं दाट होती तिथे नाझी पक्षाची सभासद नोंदणी जास्त वेगाने झाली. एका ओळखीच्या माणसाने दुसऱ्याला आणायचं, हीच तर पक्षवाढीची रीत.

१९३४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या थिओडोर एबलने एक अजब युक्ती केली. तुम्ही नाझी का झालात यावर सर्वांत चांगली आत्मकथनं लिहिणाऱ्यांसाठी एकूण ४०० मार्कांची बक्षिसं जाहीर केली. ६८३ निबंध आले. वाचताना काळजी घ्यावी लागते: सत्ता आल्यानंतर, फुशारकीने लिहिलेला हा मजकूर आहे आणि लिहायला बसले ते उत्साहीच असणार. तरीही त्यात वारंवार भेटते ती वर्गभेद नसलेल्या 'एका कुटुंबाची' ओढ, खंदकातल्या सोबतीची आठवण, रांगेत चालताना आपण कुणीतरी आहोत असं वाटणं. द्वेष आहेच, पण पुष्कळांच्या बाबतीत तो दाराशी भेटलेला नाही, घरात शिरल्यावर अंगवळणी पडला आहे. आधी मित्र, मग विचार. कट्टर संघटनांत माणसं कशी येतात हे पाहणाऱ्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल.

आज्ञापालनाबद्दल बोलायचं तर मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅमचा प्रयोग आलाच. येल विद्यापीठ, १९६१. विजेचे धक्के देणाऱ्या यंत्रावर ३० खटके, १५ व्होल्टपासून ४५० पर्यंत. शेजारच्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की पुढचा खटका. (धक्के खोटे होते, खटके दाबणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं.) ४० पैकी २६ जण शेवटच्या खटक्यापर्यंत गेले. आकडा सगळ्यांना पाठ असतो. प्रयोगकर्त्याने नेमकं काय म्हणायचं हे मात्र फारसं कुणी बघत नाही. कुणी थबकलं तर क्रमाने चार वाक्यं ठरलेली होती. पहिलं: कृपया पुढे चला. दुसरं: प्रयोगासाठी तुम्ही पुढे जाणं गरजेचं आहे. तिसरं: पुढे जाणं अत्यंत आवश्यक आहे. चौथं: तुम्हाला दुसरा पर्यायच नाही, पुढे गेलंच पाहिजे. खरी आज्ञा म्हणावी असं वाक्य चौथंच. जेरी बर्गरने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, १५० व्होल्टवर थांबवलेल्या आवृत्तीत या चौथ्या वाक्यानंतर एकही जण पुढे गेला नाही. 'प्रयोगासाठी गरजेचं आहे' या वाक्यावर मात्र लोक पुढे जात होते. हुकूम सोडला की माणूस ताठ होतो. चांगल्या कामात हातभार लावतोयस म्हटलं की तोच खटका दाबतो. म्हणून या चळवळींची भाषा नीट ऐका. 'गुलाम व्हा' असं कुणी म्हणत नाही. 'त्याग करा', 'साथ द्या', 'हीच वेळ आहे' असं म्हणतात.

आता जरा टोचणारी बाजू. कधीकधी पाठिंब्यामागे भ्रम कमी आणि हिशेब जास्त असतो. पेरूमध्ये १९९० साली महागाई वर्षाला सात हजार टक्क्यांच्या वर होती आणि 'शायनिंग पाथ' या संघटनेचे बॉम्ब राजधानीत फुटत होते. ५ एप्रिल १९९२ ला अध्यक्ष फुजिमोरींनी संसद बरखास्त केली, न्यायालयांवर हात टाकला. त्यानंतरच्या जनमत चाचण्यांत त्यांना सुमारे ८० टक्के लोकांची पसंती होती. सप्टेंबरमध्ये त्या संघटनेचा म्होरक्या पकडला गेला. पुढे, २००९ मध्ये, याच फुजिमोरींना मानवी हक्कांच्या गुन्ह्यांसाठी २५ वर्षांची शिक्षा झाली. १९९२ मधल्या त्या ८० टक्क्यांना वेडे ठरवणं सोपं आहे, पण जी संसद त्यांच्या नजरेत आधीच निकामी होती ती गेल्याचं त्यांना दुःख झालं नाही. एल साल्वादोरचं उदाहरण ताजं आहे. मार्च २०२२ मध्ये एका दिवसात ६२ खून झाले, दुसऱ्या दिवशी आणीबाणी लागली, हजारो लोक खटल्याविना आत गेले, खून खरोखर कमी झाले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अध्यक्ष बुकेले ८० टक्क्यांहून जास्त मतांनी पुन्हा निवडून आले. रस्त्यावर निर्धास्त चालता येणं ही मतदाराला दिसणारी गोष्ट आहे. निरपराध म्हणून आत अडकलेला मुलगा दुसऱ्याच्या घरचा असतो.

तिसरा गट आणखी साधा: आपल्या पक्षाचा मतदार. त्याला लोकशाही आवडते, विचारलं तर तसं सांगतो आणि खोटं सांगत नाही. मॅथ्यू ग्रॅहम आणि मिलान स्वोलिक यांनी अमेरिकेत कल्पित उमेदवारांच्या जोड्या दाखवल्या. पक्ष, करधोरण वगैरे गोष्टी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या अदलून-बदलून लावल्या, आणि मध्येच एका उमेदवाराला लोकशाहीविरोधी भूमिका चिकटवली: न्यायालयाचा निकाल पाळणार नाही, अशा धर्तीची. २०२० च्या त्यांच्या निबंधात, प्रत्यक्ष निवडणुकीसारख्या परिस्थितीत केवळ त्या कारणासाठी आपल्या पसंतीच्या उमेदवाराला सोडणारे मतदार सुमारे ३.५ टक्के निघाले. दोन्ही पक्षांतली माणसं धरून. इथे ना वृत्तीची गरज, ना भुरळ पडायची. समोरचा निवडून येणं जास्त वाईट वाटलं की झालं.

प्रचार या सगळ्यात काय करतो? वाटतो त्यापेक्षा कमी, आणि वेगळंच काही. जर्मन रेडिओवर झालेलं काम पाहा. १९३३ पूर्वी रेडिओ सरकारच्या हातात होता, आणि जिथे तो नीट ऐकू येई तिथे नाझींची वाढ मंदावलेली दिसते. जानेवारी १९३३ नंतर तोच रेडिओ नाझींकडे गेला आणि काही आठवड्यांत परिणाम उलटला. पुढची गोष्ट आणखी बोलकी आहे: ज्यूद्वेषाची जुनी परंपरा होती त्या भागांत द्वेषाचा प्रचार भिनला, आणि जिथे ती नव्हती तिथे तो चक्क उलटला. बी असेल तिथेच पाणी लागतं.

मग कुणाचाही विश्वास बसणार नाही असा प्रचार का करतात? सीरियात हुकूमशहा हाफेज अल-असद यांचं वर्णन कधीकाळी 'देशाचे अव्वल औषधनिर्माते' असंही होत असे. ते मुळात हवाई दलातले. यावर कुणी विश्वास ठेवावा अशी अपेक्षाच नव्हती. खोटं आहे हे ठाऊक असूनही तुम्ही मान हलवता, शेजारी ते बघतो, त्याची हललेली मान तुम्ही बघता. एवढ्यावर काम भागतं.

इथून आपण कुंपणावरच्यांकडे येतो. मनात एक आणि ओठांवर एक असेल तर खरा पाठिंबा मोजायचा कसा? त्यासाठी 'यादी प्रयोग' वापरतात. नमुन्याचे चिठ्ठीने दोन भाग करायचे. पहिल्याला तीन नावं, दुसऱ्याला तीच तीन अधिक चौथं, ज्याच्याबद्दल बोलायला लोक कचरतात ते. कुणाकुणाला पाठिंबा ते सांगायचं नाही, फक्त किती जणांना ते सांगायचं. पहिल्या गटाची सरासरी १.१ आणि दुसऱ्याची १.९ आली, तर चौथ्याचा पाठिंबा फरकाइतका, म्हणजे ८० टक्के. रशियात २०१५ च्या सुरुवातीला हे केलं गेलं. एका यादीत स्टॅलिन, ब्रेझनेव, येल्त्सिन ही नावं होती, आणि जोडीला पुतिन. सरळ विचारल्यावर पाठिंबा ८५ टक्क्यांच्या वर येत होता, यादीतून सुमारे ८०. म्हणजे बहुतांश खरा. ही पद्धत फसते कशी तेही सांगायला हवं. कुणाला चारही आवडले तर त्याचं गुपित फुटतं, म्हणून सगळेच आवडणार नाहीत अशी नावं निवडावी लागतात. यादी लांबली की लोक मोजण्यात आळस करतात आणि आकडा आपोआप खाली येतो, तेव्हा तो सगळा फरक भीतीच्या खात्यावर टाकता येत नाही. आणि हजारभर माणसांच्या नमुन्यातही अंदाज चुकण्याची कक्षा मोठी राहते.

आता तो आकडा खरा असला तरी टिकाऊ असेल का? मार्क ग्रॅनोव्हेटरने १९७८ मध्ये एक कागदावरचा हिशेब मांडला. शंभर माणसं. पहिला कुणाचीही वाट न बघता दगड उचलतो. दुसरा, एकाने उचलला तर. तिसरा, दोघांनी उचलला तर. असं शंभराव्यापर्यंत. दंगल पेटते, शंभरही जण सामील. आता फक्त दुसऱ्या माणसाला बदला: त्याला एक नाही, दोघं दिसायला हवेत. पहिला दगड उचलतो आणि कुणीच हलत नाही. दोन्ही गर्दींचा 'स्वभाव' जवळजवळ तंतोतंत सारखा आहे. बाहेरून मात्र एकीत शंभर दंगलखोर दिसतात आणि दुसरीत एक माथेफिरू.

हा हिशेब दोन्ही बाजूंनी चालतो. जानेवारी १९३३ मध्ये नाझी पक्षाचे साधारण साडेआठ लाख सभासद होते. मार्चच्या निवडणुकीनंतर इतकी झुंबड उडाली की १ मेपासून पक्षालाच नोंदणी बंद करावी लागली, आणि तोवर संख्या पंचवीस लाखांच्या आसपास गेली होती. जुने सभासद या नवागतांना कुत्सितपणे 'मार्चमध्ये कामी आलेले' म्हणत. वृत्ती, भुरळ, भीती यांपैकी काहीही तीन महिन्यांत तिप्पट होत नाही. वाऱ्याची दिशा कळली होती.

आणि बुखारेस्ट, २१ डिसेंबर १९८९. रोमानियाचे हुकूमशहा चाउशेस्कू यांनी पाठिंबा दाखवायला म्हणून स्वतःच सभा भरवली. कारखान्यांतून माणसं आणलेली, फलक दिलेले, थेट प्रक्षेपण सुरू. बाल्कनीतून बोलता बोलता मागच्या बाजूने गलका उठतो. ते थांबतात, हात वर करतात, 'हॅलो, हॅलो' म्हणत राहतात, जणू फोन कटला आहे. प्रक्षेपण तुटतं. परत जोडलं जातं तेव्हा ते पगारवाढ जाहीर करताना दिसतात. दुसऱ्या दिवशी ते छतावरून हेलिकॉप्टरने पळाले, २५ तारखेला त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्या काही सेकंदांत कुणाचं मत बदललं नाही. शेजाऱ्याचं मत काय आहे ते कळलं, तेही देशभर एकाच वेळी. नंतर अर्थातच सगळे पहिल्यापासून विरोधात होते. अर्थशास्त्रज्ञ टिमुर कुरानने याला मनातली पसंती लपवणं म्हटलं आहे, आणि अशा उलथापालथी आधी कुणालाच का दिसत नाहीत याचं कारणही तेच दिलं आहे.

कुंपणावरच्या माणसाला काय लागतं हे सॉलोमन अ‍ॅशच्या रेषांच्या प्रयोगात फार जवळून दिसतं. समोर एक रेष, बाजूला तीन, लांबीला कुठली जुळते ते सांगायचं. उत्तर लहान मूलही देईल. पण खोलीतले बाकी सगळे शिकवलेले, आणि ते एकमुखाने चुकीचं सांगतात. अशा फेऱ्यांत जवळपास ३७ टक्के उत्तरं बहुमताबरोबर चुकली. खोलीत बरोबर उत्तर देणारा फक्त एक साथीदार ठेवला तर हे प्रमाण त्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत खाली येतं. पुढे अ‍ॅशने साथीदाराला मध्येच फिरवलं. सहा फेऱ्या तो बरोबर बोलला, नंतर बहुमताकडे गेला. चुका लगेच पूर्वीच्या पातळीकडे उसळल्या, सहा फेऱ्यांचं धैर्य काही कामाला आलं नाही. दुसऱ्या एका आवृत्तीत साथीदार फिरला नाही, त्याला काही कामासाठी बोलावणं आलं आणि तो खोलीतून उठून गेला. तेव्हाही चुका वाढल्या, पण तितक्या नाही.